चार पॉइंट तीनचा हिशेब

मे २०२० मध्ये गूगलने प्ले स्टोअरवरच्या एकाच ॲपचे ८० लाखांहून जास्त रिव्ह्यू पुसून टाकले. ते ॲप होतं टिकटॉक. आकडा केवढा आहे हे कळायला काहीतरी माप लागतं, म्हणून हाताशी असलेलं घेतो. हुबळी-धारवाड या जोडशहराची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ९ लाख ४३ हजार. पाळण्यातल्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत इथल्या प्रत्येकाने आठ-आठ रिव्ह्यू लिहिले असते, तरी तो आकडा भरला नसता. पुढे मोठी संख्या आली की हेच माप लावणार आहे.

झालं होतं असं. कॅरीमिनाटी या यूट्यूबवरच्या पोराने टिकटॉकवाल्यांची टर उडवणारा व्हिडिओ टाकला. यूट्यूबने तो आपल्या नियमांवर बोट ठेवून काढला. व्हिडिओ काढला यूट्यूबने, पण चाहत्यांनी राग काढला तो टिकटॉकवर, एकेक स्टार देऊन. साडेचारच्या आसपास असलेलं रेटिंग काही दिवसांत दीडच्याही खाली गेलं. त्या दिवसांत टिकटॉक ना बिघडलं होतं ना सुधारलं होतं. मग गूगलने रिव्ह्यू पुसले आणि रेटिंग पुन्हा वर आलं. २९ जूनला सरकारने ५९ ॲप बंद केली, त्यात टिकटॉकही गेलं. त्या निर्णयाचा ताऱ्यांशी काही संबंध नव्हता.

त्याआधी २०१७ च्या एप्रिलमध्ये तर याहून कमाल झाली होती. स्नॅपचॅटच्या साहेबांनी भारताला गरीब देश म्हटल्याची बातमी पसरली आणि देशभक्तांनी एक-स्टारचा मारा सुरू केला. त्यातले बरेच दगड जाऊन पडले स्नॅपडीलच्या अंगणात. नाव सारखं वाटलं, एवढाच त्या बिचाऱ्या दुकानाचा गुन्हा.

गेमच्या जगात याला रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणतात. ते जगात सगळीकडे होतं. पण मोबाइलवर गेम खेळणाऱ्या आपल्याकडच्या पोरांची रोजची कटकट निराळी आहे. हुबळी ते धारवाड चिगरी बसमध्ये ती ऐकायला मिळते. कॉलेज सुटल्यावर बस गच्च भरते आणि निम्म्या माना फोनमध्ये असतात. नवलूर यायच्या सुमारास पुढच्या सीटवरच्या दोघांची जुंपली होती. घरी मराठी, बाहेर कन्नड बोलणारी, आपल्या इकडची पोरं.

"चार पॉइंट तीन हाय की बे, म्हणून घेतलो."

"कुणाच्या फोनवर चार पॉइंट तीन? तुझ्या फोनवर लोड व्हायला तीन मिन्ट लागालेत. खालचे वन स्टारवाले वाच की आधी."

पहिल्याने वाचायला घेतलं. एकाचा फोन तापत होता. एकाचं अकाउंट विनाकारण ब्लॉक झालं होतं. एकाने नुसतंच 'वर्स्ट गेम' लिहून ठेवलं होतं. एकाने पाच स्टार देऊन खाली शिव्या लिहिल्या होत्या, कारण काय तर पाच स्टारवाले रिव्ह्यू वर दिसतात अशी त्याची समजूत. फोन हातात धरून बसलेल्या पोराला ह्या चौघांपैकी कोणीही त्याच्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हतं. प्रश्न साधा होता: दहा हजारांच्या फोनवर, या बसमध्ये, हे चालेल का?

४.३ ही संख्या त्याचं उत्तर का देऊ शकत नाही, हे पाहायला शाळेतली सरासरी पुरते.

समजा शंभर जणांनी दिलेल्या मतांची सरासरी ४.५ आहे. ती १.५ वर आणायला एक-स्टारवाले किती लागतील? सहाशे. शंभर समाधानी माणसांमागे सहाशे चिडलेले. टिकटॉकच्या वेळी हे जमलं, याचं एक कारण लोकांची संख्या, आणि दुसरं गूगलचा स्वतःचा नियम. २०१९ पासून प्ले स्टोअर रेटिंग काढताना ताज्या मतांना जास्त वजन देतं. हेतू चांगला होता: ॲप सुधारलं तर जुनी वाईट मतं त्याच्या गळ्यात राहू नयेत. पण त्याची दुसरी बाजू अशी की आजच्या रागाला कालच्या समाधानापेक्षा जास्त किंमत आली.

बंगळुरूच्या एनकोअर गेम्सचा फौजी हा गेम २६ जानेवारी २०२१ ला आला तेव्हा हेच दिसलं. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली होती, अक्षय कुमारने जाहिरात केली होती, आणि गेम यायच्या आधीच ४० लाखांवर लोकांनी नाव नोंदवलं होतं. म्हणजे चार हुबळी-धारवाड रांगेत उभी. सुरुवातीला ४.७ असलेलं रेटिंग थोड्याच दिवसांत ३ वर आलं. साध्या सरासरीने हिशेब केला तर दर शंभर खूश माणसांमागे एक-स्टार देणारे ८५ पुरतात. त्यात खरोखर निराश झालेलेही होते. गेम आखूड होता, एकमेकांशी ऑनलाइन लढायची सोय सुरुवातीला नव्हती. आणि 'आमचा पबजी परत द्या' म्हणणारेही होते. स्टोअरच्या लेखी दोघांची मतं सारखीच. सरासरी कारण विचारत नाही.

मोठ्या कंपनीला हे झेपतं. विद्यानगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या चार पोरांनी मिळून एखादा छोटा गेम काढला, त्याला चाळीस रेटिंग मिळाली, सरासरी साडेचार. आता हॉस्टेलच्या दुसऱ्या विंगमधल्या दहा जणांनी चेष्टेखातर एकेक स्टार दिला की सरासरी ३.८. दहा माणसं! एवढ्यांना चहा पाजायला फार पैसे लागत नाहीत.

अशा वेळी जाणकार समीक्षक उपयोगी पडावा अशी अपेक्षा असते. तिथला हिशेब आणखी डोकं फिरवणारा आहे. कॉम्प्युटरवरचे गेम विकणाऱ्या स्टीम या दुकानात २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. दिवसरात्र दर अर्ध्या तासाला एक. एका समीक्षकाने प्रत्येकाला फक्त दहा तास दिले आणि वर्षाला दोन हजार तास काम केलं, तर एका वर्षाचा माल संपवायला त्याला नव्वद वर्षं लागतील. त्यामुळे समीक्षेच्या साइट्स मोजक्याच गेमकडे बघतात, आणि सगळ्या मिळून त्याच मोजक्यांकडे बघतात.

बरं, त्या मोजक्यांचं तरी नीट होतं का? बाल्डर्स गेट ३ हा ऑगस्ट २०२३ चा गेम. एकदा पुरा खेळायला ७५ ते १०० तास. करणाऱ्या लॅरियन स्टुडिओनेच सांगितलं होतं की शेवटाचे प्रकार, लहानसहान फरक धरून, १७ हजार आहेत. समीक्षकांच्या हाती तो पडला विक्रीच्या जेमतेम काही दिवस आधी. चार दिवस धरू. शंभर तास चार दिवसांत बसवायचे म्हणजे रोजचे पंचवीस. त्यामुळे अनेकांनी प्रामाणिकपणे 'अजून खेळतोय' असं लिहून अर्धी समीक्षा छापली. पुढे समीक्षकांच्या मार्कांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर त्याला शंभरापैकी ९६ मिळाले, आणि गेम खरोखर तेवढा चांगलाही आहे. पण पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्याला तो ९६ मिळाला नव्हता.

मेटाक्रिटिक २००१ पासून एकच काम करतं. निरनिराळ्या समीक्षकांचे मार्क घ्यायचे, शंभरापैकी करायचे आणि एक आकडा काढायचा. कोणाच्या मताला किती वजन ते सांगत नाहीत. शिवाय रंगांची गंमत आहे. सिनेमाला ६१ मिळाले की हिरवा रंग लागतो, गेमला हिरव्यासाठी ७५ लागतात. म्हणजे ७४ मार्कांचा सिनेमा पास आणि ७४ मार्कांचा गेम पिवळा, 'बरा' म्हणून बाजूला. समीक्षकही हे जाणतात, त्यामुळे शंभरापैकी मार्क देताना खालचे पन्नास जवळजवळ कोणी वापरतच नाही. ७० म्हणजे नापास असं वाचणाऱ्यांनी धरून ठेवलंय. मग उरलेल्या तीस मार्कांत सगळं जग कोंबायचं, आणि ८८ का दिले, ९१ का नाही, यावर लोकांनी एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार करायचा.

त्या एका-एका मार्काला पैसे चिकटलेले असतात, ही खरी मेख. २०१० च्या फॉलआउट: न्यू व्हेगस या गेमसाठी ऑब्सिडियन स्टुडिओला बोनस मिळायचा होता, अट होती मेटाक्रिटिकवर ८५. मिळाले ८४. बोनस गेला. स्टुडिओतल्या ख्रिस अव्हेलोनने हे २०१२ मध्ये स्वतः सांगितलं. समीक्षकांच्या सरासरीत एक मार्क इकडचा तिकडे व्हायला एखाद्याची सकाळची पित्ताची गोळी चुकलेली पुरते. धारवाडात आयुष्याची कितीतरी वर्षं काढलेले जी. ए. कुलकर्णी यांचं इथे उगाच आठवतं. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, आणि त्यांनी पुरस्कार परत करून टाकला. कथांबद्दल कोणाची तक्रार नव्हती, भांडण तारखेचं होतं. जी.एं.नी ते आपल्यापुरतं संपवलं. स्टुडिओला पगार द्यायचे असतात, त्याला तसं संपवता येत नाही.

आता पुन्हा हुबळीच्या पोराकडे. समीक्षक ज्या मशीनवर गेम तपासतो ती लाखाच्या घरातली असते, इंटरनेटची लाइन जाडजूड असते. बाल्डर्स गेट ३ ला डिस्कवर १५० जीबी जागा लागते. रोज दीड जीबीच्या रिचार्जवर तो उतरवायचा म्हटलं तर शंभर दिवस, आणि त्या शंभर दिवसांत व्हॉट्सॲपही उघडायचं नाही. कुठल्याही परदेशी समीक्षेत हे वाक्य येत नाही, कारण लिहिणाऱ्याला तो प्रश्नच पडत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे पैसे ओतूनही एका मर्यादेपलीकडे काही होत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. हुबळीहून मुंबई सरळ रेषेत पावणेपाचशे किलोमीटर. गोळी झाडल्याचा निरोप मुंबईच्या सर्व्हरला जाऊन परत यायला कमीत कमी पाच मिलिसेकंद. सर्व्हर सिंगापूरला असेल तर अंतर साडेतीन हजार किलोमीटर, जाऊन-येऊन कमीत कमी ३५ मिलिसेकंद. तारा सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, मध्ये डझनभर यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट सहज होतं. सेकंदाला साठ चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. म्हणजे सिंगापूरशी खेळणारा पोरगा जे बघतोय ते निदान दोन चित्रं शिळं आहे, आणि बहुतेकदा पाच-सहा. आपण भिंतीआड गेल्यावरही मेलो, असं का होतं, याचं निम्मं उत्तर यात आहे. समीक्षेत 'नेमबाजी चोख आहे' असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याच्या गावी असेलही.

एवढं सगळं असून लोक आकड्यावर विश्वास ठेवतात. का, तर 'एवढे लाख लोक खोटं कशाला बोलतील?' काउंटर-स्ट्राइक २ या गेमवर स्टीममध्ये ८० लाखांच्या वर रिव्ह्यू आहेत. एवढ्या गर्दीत चार-दोन खोटे बुडून जातील, असं मनाला वाटतं. संख्याशास्त्राने हा समज १९३६ मध्येच निकालात काढला होता. अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या. सुमारे २३ लाख भरून परत आल्या. आपल्या मापाने अडीच हुबळी-धारवाड. निष्कर्ष निघाला लँडन जिंकणार, ५७ टक्के. प्रत्यक्षात रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. त्याच वेळी जॉर्ज गॅलपने पन्नासेक हजार माणसं विचारून बरोबर सांगितलं होतं. डायजेस्टच्या याद्या टेलिफोन आणि मोटारीवाल्यांच्या होत्या, आणि त्यातही पत्रिका परत पाठवायची तसदी घेतली ती रूझवेल्टवर चिडलेल्यांनी. २३ लाख लोक खरंच बोलत होते. फक्त गप्प बसलेल्यांचं मत निराळं होतं.

गेमच्या दुकानातले रिव्ह्यू हे डायजेस्टच्या पत्रिकांसारखेच. ज्याला वाटतं तो लिहितो. जून २०२० मध्ये द लास्ट ऑफ अस भाग २ आला. समीक्षकांचे ९३, आणि दुसऱ्याच दिवशी वापरणाऱ्यांचे दहापैकी साडेतीनच्या आसपास. गेम पुरा करायला पंचवीस तास लागतात, निकाल त्याच्या आतच लागला. मेटाक्रिटिकने पुढच्या महिन्यात नियम केला की गेम आल्यावर ३६ तास वापरणाऱ्यांना मत देता येणार नाही. त्या गेममध्ये आवाज दिलेल्या लॉरा बेलीला लोकांनी जिवे मारण्याच्या धमक्या पाठवल्या, त्यावर मात्र कसला नियम नव्हता.

पण चिडणारे नेहमी चुकीचेच असतात असं म्हणून मोकळं होता येत नाही, आणि माझी पंचाईत इथेच होते. मे २०२४ मध्ये सोनीने हेलडायव्हर्स २ च्या कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांना सांगितलं की आता प्लेस्टेशनचं खातं उघडावंच लागेल. ती सेवा मिळतच नाही अशा १७७ देश-प्रदेशांतून गेम विक्रीतूनच उतरवला गेला. दोन-तीन दिवसांत स्टीमवर दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू पडले. हुबळी-धारवाडच्या हिशेबात घरटी एक माणूस. एकेक वाचायला वीस सेकंद धरले तर न झोपता, न जेवता ४६ दिवस लागतील. सोनीने तेवढे दिवस घेतले नाहीत, ६ मे रोजी निर्णय मागे घेतला. गेमच्या तोपर्यंत सव्वा कोटीच्या आसपास प्रती खपल्या होत्या, म्हणजे ओरडणारे शंभरात दोनही नव्हते. तरी ते बरोबर होते आणि जिंकले. गेमच्या स्टुडिओने पुढे रिव्ह्यूंच्या त्या घसरलेल्या आलेखाची नक्षी गेममधल्या एका अंगरख्यावरच छापली.

म्हणजे हे रिव्ह्यू मोर्चा म्हणून चोख काम करतात. गेम कसा आहे हे सांगायच्या कामी मात्र त्यांचा काडीचा उपयोग नाही, आणि दुकानाने दोन्ही कामं एकाच पाच ताऱ्यांवर टाकली आहेत.

खोट्या रिव्ह्यूंसाठी आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० : २०२२ हे मानक काढलं. लिहिणारा खरा आहे का ते तपासा, पैसे देऊन लिहवून घेऊ नका, वगैरे. ते ऐच्छिक होतं. आणि खोटे काढले तरी निवडीचा प्रश्न राहतोच. प्ले स्टोअरने तेवढ्यात एक बरं केलं: २०२१ च्या अखेरीपासून रेटिंग देशवार दिसतं, पुढे फोन आणि टॅबलेटचंही वेगळं केलं. म्हणजे हुबळीतल्या पोराला आता भारतीय फोनवाल्यांचं रेटिंग दिसतं. त्यात दहा हजारांचा फोन आणि सव्वा लाखाचा फोन एकत्रच आहेत.

मग खरं मत कळायला किती माणसं लागतील? बीजीएमआय या मोबाइल गेमने जुलै २०२२ मध्ये दहा कोटी नोंदणीकृत खेळाडू झाल्याचं जाहीर केलं, म्हणजे १०६ हुबळी-धारवाड. एवढ्या लोकांचं खरं सरासरी मत एक-दशांश ताऱ्याच्या फरकाने कळावं, शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर यावं, आणि मतं चांगली विखुरलेली, म्हणजे प्रमाणित विचलन दीड तारा, असं धरलं, तर लागतात ८६५ माणसं. लाख नकोत, कोटी तर नकोतच. अट एकच, ती चिठ्ठ्या टाकून निवडलेली हवीत. दहा हजारांच्या फोनवाल्यांचं वेगळं हवं असेल तर त्यांच्यातली वेगळी ८६५. कोणाच्या हातात कुठलं मॉडेल आहे हे स्टोअरला ठाऊक असतं. उद्या सकाळी निवडायचं ठरवलं तरी निवडता येतील.

आज विचारलं जातं ते असं. गेम बनवणाराच ठरवतो की 'आम्हाला रेटिंग द्या' ही चौकट कधी दाखवायची, आणि धंद्यातला शहाणपणा असा की ती लेव्हल जिंकल्याबरोबर दाखवावी, माणूस खुशीत असताना. ज्याचा फोन तापून गेम लेव्हलच्या मध्येच बंद पडतो, त्याच्यासमोर ती चौकट कधी येतच नाही.